युद्धकाळातले बंदे रुपये: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही जुन्या नाण्यांविषयी शंका मागवल्या होत्या. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं दोन महायुद्धांच्या काळातल्या चांदीच्या रुपयांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून नाण्यांची पारख असलेल्या आमच्या सल्लागारांनी त्यांना उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमच्या देवघरातल्या पितळी डब्यात लक्ष्मीपूजनाचे बंदे रुपये आहेत. काही १९१७-१८ चे, काही १९४१ ते १९४४ चे. वजन सगळ्यांचं जवळपास सारखंच भरतं. तरी सराफ म्हणतो, नंतरचे रुपये निम्म्या भावाचे. तो फसवतोय का? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर: नाही, सराफ बरोबर सांगतोय. वजन सारखं असलं तरी कस वेगळा आहे.

ब्रिटिश अमलातला रुपया एक जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा. राणीछाप, एडवर्डचा आणि पंचम जॉर्जचा रुपया शेकडा ९१.७ कसाचा असे. त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, बाकी तांबं. सहाव्या जॉर्जचे १९३८ आणि १९३९ चे रुपयेही याच कसाचे आहेत. दुसरं महायुद्ध पेटल्यावर लोक नोटा मोडून रुपये घरात दडवू लागले. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा तर रुपयासाठी झुंबड उडाली आणि गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणं हा गुन्हा ठरवणारा हुकूम सरकारला काढावा लागला. त्याच वर्षी आधी पावली (पाव रुपया), मग अधेली (अर्धा रुपया) आणि वर्षअखेरीस रुपया, अशा क्रमाने चांदीचा कस निम्म्यावर आणला गेला. नव्या मिश्रणात चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के. म्हणजे तुमच्या १९४१ ते १९४४ च्या प्रत्येक रुपयात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम आहे.

साल झिजलं असेल तर रुपयाचा काठ पाहा. १९३९ पर्यंतच्या रुपयाच्या काठावर नुसत्या उभ्या रेघा आहेत. १९४० पासूनच्या रुपयात त्या रेघांच्या मधोमध एक चर काठाभर फिरलेली दिसते, नखालाही लागते. बनावट नाणी पाडणं अवघड व्हावं म्हणून ती मुद्दाम घातली होती. ही खूण रुपयासाठी वापरा, अधेली-पावलीसाठी तिच्यावर विसंबू नका. १९४० च्या पावलीचा कस वर्षाच्या मध्येच बदलला, त्यामुळे त्या सालच्या पावलीचा कस तपासल्याशिवाय ठरवू नये.

हिशेब असा करा. त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा एका ग्रॅमचा भाव घ्या. जुन्या कसाच्या रुपयाला तो १०.६९ ने गुणा, १९४० पासूनच्या रुपयाला ५.८३ ने. समजा भाव ग्रॅमला १०० रुपये असेल, तर जुना रुपया १,०६९ आणि नवा ५८३ रुपयांचा. अधेलीला याच्या निम्मे आणि पावलीला पाव धरा. झिजलेलं नाणं असेल तर छापील वजन धरू नका, प्रत्यक्ष वजनाला कसाने गुणा. सराफ यातून गाळणीची तूट कापतो. पन्नास टक्के कसाच्या चांदीतून इतर धातू वेगळे करायला खर्च जास्त येतो, म्हणून तिथे तूट जास्त लागते. वजन मात्र ग्रॅममध्येच करून घ्या. सराफ बाजारातला आजचा तोळा १० ग्रॅमचा आहे, जुना ११.६६ चा, या फरकात रुपयामागे दीड ग्रॅमहून जास्त वजन निसटतं.

आणि एक लक्षात ठेवा, हा झाला तळाचा भाव. यापेक्षा कमीत नाणं देऊ नये. वरचा भाव नाण्याच्या सालावर, टांकसाळीवर आणि त्याहून जास्त त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे ते किती झिजलंय यावर, ठरतो.

प्रश्न: आमच्याकडे १९१८ चे पंचवीस-तीस रुपये आहेत. शंभर वर्षं उलटून गेली, तर आता त्यांची किंमत बरीच असेल ना? (जुळे सोलापूर)

उत्तर: वय आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९१८ चा रुपया याचं चांगलं उदाहरण आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल, धान्य आणि सैन्य परदेशी जात होतं, आणि त्याचे पैसे इथे चांदीच्या रुपयांत चुकवावे लागत. जगात चांदीचा तुटवडा होता. शेवटी १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी दिली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी त्या काळात रुपये कोट्यवधींनी पाडले. छोट्या व्यवहारांसाठी १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोटही काढावी लागली. म्हणून १९१७ ते १९२० चे रुपये आजही घरोघरी सापडतात, आणि वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही.

तरी सगळे एकगठ्ठा मोडीत काढू नका. आधी साल पाहून वेगळे करा. १९२१ आणि १९२२ चे रुपये त्या मानाने कमी पाडले गेले, ते बाजूला ठेवा. १९११ चाही बाजूला ठेवा. त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट कोरून घेतली.

मग राहिलेल्यांचा चेहरा पाहा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि नाणं दिव्याखाली तिरपं धरा. पंचम जॉर्जच्या रुपयावर झीज आधी मुकुटाच्या कमानीवरच्या मोत्यांना लागते, मग गालाला आणि मिशीला, मग झग्यावरच्या नक्षीला. मोती सुटे मोजता आले, हत्तीचे पाय आणि सोंड स्पष्ट दिसली, तर नाणं उत्तम प्रतीचं. नाणं हलवताना पृष्ठभागावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरला, तर ते जवळजवळ वापरात आलेलंच नाही. तीस रुपयांतला असा एकच रुपया उरलेल्यांपैकी दहांपेक्षा जास्त किमतीचा असू शकतो, आणि भंगारात गेला की तो कायमचा गेला.

टांकसाळ ओळखायला मागची बाजू पाहा. अगदी तळाच्या कमळाखाली बारीक उठावाचं टिंब असेल तर मुंबई, काही नसेल तर कलकत्ता. दुसऱ्या महायुद्धात कामाचा ताण वाढला तेव्हा १९४३ मध्ये लाहोरची टांकसाळ सुरू झाली. तिथल्या नाण्यांवर इंग्रजी एल हे अक्षर असतं. संग्राहक साल आणि टांकसाळ दोन्ही धरून संच लावतात, म्हणून विकताना ही नोंद केलेली बरी.

प्रश्न: हॉलमार्क केंद्रात यंत्रावर तपासलं तर १९४२ च्या रुपयात चांदी ५० पेक्षा बरीच जास्त दाखवली. घरी खात्रीची चाचणी आहे का? (विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर: ते यंत्र क्ष-किरणांनी नाण्याची फक्त वरची त्वचा वाचतं. नाणं पाडण्याआधी कमी कसाच्या चांदीच्या चकत्या आम्लात धुतल्या की वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर चांदीचं प्रमाण वाढतं. म्हणून आकडा फुगतो. खोलवर झिजलेल्या भागावर वाचन घेतलं तर तो खाली येतो.

घरी पाण्याची चाचणी करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागेल.

आधी कोरड्या नाण्याचं वजन लिहून ठेवा. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. आता काटा जो आकडा दाखवेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. ९१.७ कसाच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो आणि भागाकार १०.३ येतो. १९४० पासूनच्या रुपयाला १.२२, भागाकार साडेनऊ. जर्मन सिल्व्हरच्या (तांबं, निकेल आणि जस्ताचं, चांदी नसलेलं मिश्रण) नकलेला काटा १.३० च्या वर जातो आणि भागाकार पावणेनऊ किंवा त्याहून खाली येतो. नाणं झिजलेलं असलं तरी भागाकार बदलत नाही, हा या चाचणीचा मोठा फायदा.

चूक बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे होते. अक्षरांच्या खाचेत हवा अडकली की काटा जास्त दाखवतो आणि अस्सल नाणंही खोटं ठरतं. नाणं पाण्यात बुडवून हळूच हलवा, बुडबुडे जाऊ द्या, मग वाचन घ्या. तीन वाचनं घेऊन मधलं धरा. पावलीचं वजन जेमतेम २.९२ ग्रॅम असल्याने तिथे ०.०१ चा काटा पुरत नाही, मिलिग्रॅमचा काटा हवा. शिसं आणि कथिलाचं मिश्रण चांदीइतकं जड करता येतं, म्हणून नुसत्या भागाकारावर शिक्का मारू नका. काठ, व्यास आणि अक्षरं जुळली पाहिजेत. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास असतो.

प्रश्न: १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया चांदीचा आहे का? (मोहोळ)

उत्तर: नाही, शुद्ध निकेलचा आहे. लोहचुंबक लावून पाहा, चटकन चिकटेल. चांदीचा कुठलाच रुपया चिकटत नाही. युद्धकाळात अमेरिकेने हिंदुस्थानला सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी दिली होती आणि ती चांदीच्या रूपातच फेडायची होती. म्हणून युद्ध संपताच नाण्यांतून चांदी काढून टाकली गेली.

प्रश्न: १९३९ चा चांदीचा रुपया मला एकाने देऊ केला आहे. भाव फार सांगतोय. घ्यावा का? (बार्शी)

उत्तर: कागदपत्राशिवाय घेऊ नये. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ चा सगळ्यात दुर्मिळ, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नकला त्याच्या आहेत.

नकलेचे दोन प्रकार नेहमी दिसतात. पहिल्यात १९३८ चा अस्सल रुपया घेऊन ८ चा ९ केलेला असतो. चांदी, वजन, काठ सगळं खरं, खोटं फक्त शेवटच्या आकड्यात. भिंगाखाली दोन ९ शेजारी शेजारी ठेवून पाहा. सालातला दुसरा आकडाही ९ आहे, त्याच्या पोटाची गोलाई आणि शेपटीचं वळण शेवटच्या ९ शी जुळतं का? आकड्याभोवतीची सपाट जागा बाकीच्या मैदानाइतकीच (अक्षरं-चित्रांमागच्या मोकळ्या जागेइतकीच) गुळगुळीत आहे का, की तिथे बारीक ओरखडे, खळगा किंवा वेगळी चमक आहे? कोरणीने धातू सरकवला की ही खूण राहतेच.

दुसरा प्रकार ओतीव नकलेचा. त्यात अक्षरांच्या कडा मऊ दिसतात, मैदानात टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात आणि काठावर साच्याच्या दोन भागांची शीव कानशीने घासलेली असते. काठावर मधली चर असलेला १९३९ चा रुपया दाखवला, तर पुढे बोलूच नका; ती चर १९४० पासूनची आहे.

हे नाणं घ्यायचंच असेल तर तपासणी संस्थेच्या सीलबंद डबीतलं घ्या आणि डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी जुळवा. डब्याही खोट्या निघतात. भाव ठरवताना लोक इंटरनेटवर मागतात ते आकडे पाहू नका. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलं ती रक्कम पाहा, आणि खरेदीदार त्यावर लिलावगृहाचं कमिशन व कर वेगळा भरतो हेही धरा. विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी येतं.

प्रश्न: पूजेतले रुपये हळदी-कुंकवाने माखले आहेत आणि काळे पडले आहेत. चिंच लावून चकचकीत करून मग विकले तर भाव जास्त येईल ना? (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर: कृपा करून चिंच लावू नका. लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, सराफाकडचं पॉलिश, यातलं काहीच नको. जुन्या नाण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या या घासण्यानेच झालं आहे.

चांदीवरचा काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला पातळ थर. तो सावकाश, सारखा चढलेला असेल तर संग्राहकाला आवडतो, कारण खालचा पृष्ठभाग अस्पर्श असल्याची ती खूण आहे. घासलं की त्या थराबरोबर चांदीही जाते आणि हजारो बारीक ओरखडे राहतात. ते भिंगाखाली लगेच दिसतात, कधीच भरून येत नाहीत आणि भाव तळाला नेतात. १९४० नंतरच्या रुपयावर आम्ल आणखी वाईट: ते मिश्रणातलं तांबं आणि जस्त खातं, आणि नाणं खडबडीत पांढरट किंवा लालसर डागांचं होतं.

कुंकू आणि तेलाचा चिकटा काढायचा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग आणि तेल असतं. नाणं पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, एकदा उलटा, चोळू नका. ॲसिटोन गढूळ झालं तर नवं घ्या. मग डिस्टिल्ड पाण्यात बुडवा आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास निरांजन, शेगडी काही नको. ॲसिटोन क्षणात पेटतं. हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर राहू द्या. नाणं नेहमी काठाला धरा, बोटाचा घाम ठसा म्हणून उमटतो.

ठेवण्याबद्दल सोलापूरकरांनी विशेष जपावं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ अल्बममधून तेलकट हिरवा चिकटा सुटून नाण्याला धरतो. वास प्लॅस्टिकच्या नव्या चपलेसारखा येत असेल तर तो अल्बम बदला. मायलरची (पारदर्शक, पक्क्या प्लॅस्टिकची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन घ्या, पिन लावल्यावर तिची टोकं चपटी करा, सिलिका जेलची पुडी ठेवा. रबर बँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राची पुडी यांनी चांदी लवकर काळवंडते. डांबरगोळ्या त्या डब्यात नकोत.

प्रश्न: आजोळहून आलेल्या नाण्यांत चार मिनारांचं चित्र आहे, आकडे उर्दूत आहेत. ही कसली? (अक्कलकोट)

उत्तर: ही निजामाची, हाली सिक्का म्हणून ओळखली जाणारी. हैदराबाद संस्थानाची हद्द तुमच्या शेजारीच होती, त्यामुळे सोलापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे कलदार (ब्रिटिश रुपये) आणि हाली दोन्ही घरात असत. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा साधारण दर होता.

मधल्या कमानीत उर्दू अक्षर आहे ते पाहा. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान, म्हणजे १९११ नंतरचं. ऐन अर्धंच दिसणारी सुरुवातीच्या काळातली नाणी कमी मिळतात, ती वेगळी ठेवा. आकडे वाचताना शून्य म्हणजे टिंब, एक म्हणजे उभी रेघ, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही, पाच म्हणजे हृदयाच्या आकाराचा. दोनला वर एक खाच आणि तीनला दोन. झिजलेल्या नाण्यावर इथेच गफलत होते. ९२ हा आकडा दिसेल, तो साल नव्हे. मुहम्मद या नावातल्या अक्षरांची किंमत मिळून ९२ होते, म्हणून तो आहे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: १३६१ चं १९४२ येतं.

या रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, कस ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. युद्धात निजामानेही कस पन्नासवर आणला, हिजरी १३६१ च्या सुमारास. त्यामुळे १३६१ पासूनची नाणी वर दिलेल्या पाण्याच्या चाचणीवर घ्या. जुन्या कसाला भागाकार १०.२ च्या आसपास, नव्याला साडेनऊच्या पुढेमागे.

प्रश्न: लमाणी हारातले कडी लावलेले रुपये सुटे करून विकावेत का? (मंगळवेढा)

उत्तर: नको. कडी काढली तरी डाकाची खूण काठावर राहते आणि संग्राहक ते चांदीच्या भावानेच घेतो. वर डाकातली हलकी धातू वजनात मोजली जाते, यावरून सराफाशी वाद होतो तो वेगळाच. अखंड जुना हार दागिना म्हणून जास्त मोलाचा आहे.

प्रश्न: जुन्या वाड्याचा पाया खणताना रुपयांनी भरलेलं मडकं निघालं. दुसरीकडे फोनवर एकजण म्हणतो, १९४३ च्या रुपयाचे लाखो देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. (दोन पत्रं, सोलापूर शहर)

उत्तर: फोनवाल्याला एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारावर शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. असं शुल्क बँक घेत नाही. १९४३ चा रुपया साधारण मिळणाराच आहे. ओटीपी किंवा खात्याचा तपशील दिला असेल तर आधी आपल्या बँकेला आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा.

मडक्याचं मात्र वेगळं. १८७८ च्या गुप्तनिधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. नाणी धुऊ नका, वाटून घेऊ नका, मडक्याचे तुकडेही जपून ठेवा, आणि जागच्या जागी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, म्हणून परवानगीशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९१८ चा रुपयाही आता त्यात बसतो, परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणूनसुद्धा तो पाठवू नका. मडक्याबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं पत्र दोन प्रतींत नेऊन एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या.